जुनी मोटरहोम चढाला ओढत नाही? पंप खोलण्याआधी हे तपासा

पूर्वी कात्रजचा चढ तिसऱ्या गिअरवर घेणारी गाडी आता दुसऱ्यावरही धापा टाकते. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा निदान ठरलेलं असतं: पंप-नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल दाबून फवारणारे भाग, काढा. जुन्या डिझेल टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या मोटरहोममध्ये मात्र पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. तो खोलणं महाग पडतं आणि दोष बहुधा त्याच्या आधीच्या वाटेवर कुठेतरी असतो.

आधी वजन. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढले. त्यावर फर्निचर, जादा बॅटऱ्या, छतावरचा एसी. पाणी, डिझेल, गॅस सिलिंडर आणि माणसांसकट गाडी वजनकाट्यावर घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. उंचीचाही हिशेब धरा. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. तिथे गाडी पुण्यापेक्षा सात-आठ टक्के मंद वाटली, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मग गाडीला काही अडवत तर नाही ना, ते बघा. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा आणि थांबल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. महिनोन् महिने हँडब्रेक ओढून उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. क्लचसाठी चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि १,५०० आरपीएमवर क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

दुसऱ्या माणसाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपावरचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? केबल ताणली गेली असेल किंवा पायाखाली जाड मॅटिंग घातलं असेल तर टेकत नाही. क्षुल्लक वाटतं, पण गाडी बांधताना कार्पेट टाकलं जातं आणि पेडल किती खाली जातं हे कोणीच बघत नाही.

आता धूर. चढावर मागे कोणाला तरी बघायला सांगा, कारण पुढची दिशा इथेच ठरते. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. धूर नाही आणि दमही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर टायमिंग किंवा नोझल बघा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

काळ्या धुरात एअर फिल्टर काढून आतून टॉर्च लावा. उजेड बाहेर दिसत नसेल तर फिल्टर बदला. उभ्या गाडीच्या एअर पाइपमध्ये उंदीर घरटं करतात, तेही बघा. टर्बो असेल तर टर्बोपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक होज हाताने चाचपा. जोडाशी ताजं ओलं ऑइल आणि धूळ चिकटलेली असेल तर तिथून हवा निसटतेय. क्लॅम्प आवळून भागलं नाही तर होज बदला. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला तरी धूर काळाच येतो.

धूर नसेल तर काम डिझेलच्या वाटेवर. पावसाळ्याचे चार महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी म्हणजे टाकीत दमटपणा, तळाला पाणी आणि वर बुळबुळीत गाळ. काम सुरू करण्याआधी गॅस सिलिंडर बंद करा. पहिल्यांदा टाकीचं झाकण सैल करून थोडं अंतर चालवा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि गाडीला दम आला, तर टाकीची हवा यायची वाट तुंबली आहे. मग फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून बाटलीत अर्धा लिटर डिझेल घ्या आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. खाली पाणी बसलं तर ते संपेपर्यंत काढत राहा. दोन फिल्टर असतील तर दोन्ही बदला. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बऱ्याच जणांना माहीतच नसते. ती काढून डिझेलने धुवा. बँजो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच टाका, जुने हवा ओढतात. हे सामान पुण्यात नाना पेठेत मिळतं.

हवा शोधायला फिल्टर ते पंप हा पाइप तात्पुरता पारदर्शक लावा. हँड पंपाने हवा काढा, इंजिन चालू करून रेस द्या. बुडबुडे येत राहिले तर टाकीकडचा एखादा जोड किंवा कडक होऊन तडकलेला रबरी पाइप दोषी आहे. बुडबुडे नाहीत, पण रेसवर पाइप आत ओढला जातो, तर टाकीतला सक्शन पाइप तुंबलाय.

जुन्या मेकॅनिकल पंपावर एकेक नोझलचा पाइप आयडलला अर्धा फेरा सैल करता येतो, चष्मा घालून आणि कापड धरून. इंजिनचा सूर बदलला नाही तो सिलिंडर काम करत नाही. कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून (रेल) डिझेल जातं, हे अजिबात करू नका. तिथलं प्रेशर इतकं असतं की डिझेलची धार कातडीतून आत शिरते. अशा गाडीवर आधी स्कॅनर लावा. पी००८७ हा कोड आला म्हणजे रेलमध्ये डिझेलचं प्रेशर कमी, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी.

एवढं करूनही दम नाही, तर टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) तपासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या. सिलिंडर-सिलिंडरमध्ये तीन-चार बारपेक्षा जास्त फरक निघाला तर पंपावर पैसे घालण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेशन ठीक असेल तरच पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर पाठवा आणि देतानाच सांगून ठेवा की कॅलिब्रेशनचे आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे लिहून हवेत.