उसाच्या फडावर जाणाऱ्या एचआयव्ही पेशंटची एआरटी तुटू नये म्हणून

बीड जिल्ह्यात एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांचा उपचार) सेंटरवर समुपदेशक म्हणून रुजू झालात, तर आधी ऊसतोडीचा हंगाम पाठ करा. दसरा-दिवाळीत टोळ्या निघतात, त्या पट्टा पडल्यावर (कारखान्याचं गाळप संपल्यावर) मार्च-एप्रिलात परततात. म्हणून गणपतीतच विचारायचं: यंदा उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली का? मुकादम कोण, कारखाना कुठला?

प्रकृती स्थिर आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल, तर डॉक्टरांशी बोलून एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. पुढच्या काळासाठी कारखान्याजवळचं एआरटी किंवा लिंक एआरटी सेंटर (मोठ्या सेंटरला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) शोधा आणि तिथे आधीच फोन करा. नुसतं ट्रान्सफरचं पत्र देऊन मोकळं व्हायचं नाही. तिथल्या समुपदेशकाचा नंबर पेशंटच्या मोबाइलमध्ये आपणच सेव्ह करून द्यायचा, तोही तो सांगेल त्या नावाने. एकाने माझा नंबर ‘बी-बियाणे’ म्हणून ठेवलाय.

खरी अडचण बाटलीची. टीएलडीच्या (एआरटीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) 30 गोळ्या खुळखुळतात आणि कोपीला (फडाजवळच्या झोपडीला) धड दार नसतं. मग बायका गोळ्या कागदात बांधून कनवटीला लावतात, त्यांना ओल लागते. लेबल खरवडून काढा म्हणावं, पण गोळ्या त्याच बाटलीत राहू द्या. आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकायची नाही. वर कोरडा कापूस कोंबला की आवाज बंद.

पहाटे फड, रात्री गाडी भरायला कधीही हाक. तिथे ‘रोज नऊ वाजता’ चालत नाही. गोळी संध्याकाळच्या भाकरीला जोडा. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दोन एकदम नाही. रक्तवाढीच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालतात. उपाशीपोटी असेल तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला जेवणाचीही सवलत नाही, तिथे हे अंतर पाळायचंच.

गोळ्या तुटलेला पेशंट परत आला तर ‘का नाही आलात?’ विचारू नका. ‘गाडी मिळाली नाही’ एवढंच ऐकू येईल. ‘गोळ्या संपल्या तेव्हा कुठल्या फडावर होता?’ विचारा. मग मुकादमाने खाडा धरायची धमकी दिली होती, हे बाहेर पडतं. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन विचारून त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्या. टीबी अशा वेळीच गाठतो.

सुट्टी मागताना मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं बंधन नाही, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा पेशंटच्या बाजूने आहे. फडावर काही अडलं तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर लावायला सांगा.