सड्यावरचा लॅकोफिलस: जाळीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

प्रकल्पासाठी पाणभुंगे घ्यायचे ठरलं की बहुतेक मुलं मोठ्या सिबिस्टरच्या मागे लागतात. कोकणात काम असेल तर त्यापेक्षा लॅकोफिलस घ्या. इथे मिळणारे भुंगे साधारण 3 ते 5 मिलिमीटरचे, पण पावसाळ्यात भरपूर सापडतात. डायटिसिडी कुळातली ही प्रजाती (जीनस) लीच यांनी 1815 मध्ये प्रस्थापित केली. आज तिच्यात 250 हून जास्त जाती आहेत. पिवळट-तपकिरी रंग आणि पाठीवर नागमोडी रेघा, एवढ्यावर नाव लावून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. हा भुंगा ओळखायचा तो पोटाकडून.

शोधायचा कुठे? कातळावर साठलेली उथळ डबकी, भातखाचरांचे बांधालगतचे कोपरे, पऱ्ह्याचा, म्हणजे छोट्या ओढ्याचा, संथ भाग. डबक्याच्या मधोमध मोकळ्या पाण्यात जाळी फिरवून फारसं काही लागत नाही. कडेचं गवत जिथे पाण्यात बुडालेलं असतं तिथे घासून काढा. मादी वनस्पतीच्या उतीत अंडी घालते आणि अळीही तिथेच शिकार करते. कोष मात्र पाण्याबाहेर, ओल्या मातीत होतो. प्रौढ उत्तम उडतात, त्यामुळे नुसत्या उघड्या कातळाच्या खळग्यात प्रौढ दिसले म्हणून ‘इथे वीण होते’ असं वहीत लिहू नका. अळी मिळाली तरच लिहा. गप्पी मासे सोडलेल्या टाकीत वेळ घालवण्यात अर्थ नाही.

लहान डबक्याला चहाची मोठी गाळणी पुरते, खाचराला अर्धा ते एक मिलिमीटर छिद्रांची जाळी. चार-पाच वेळा फटकारा आणि लगेच पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करा. ट्रेच्या कडा उंच हव्यात आणि तळाशी दोन सेंटिमीटर तरी पाणी हवं, कारण पाण्याबाहेर आला की लॅकोफिलस पिसवेसारखा टणकन उडी मारतो. कोरड्या ट्रेमधले निम्मे भुंगे गवतात जातात आणि मग मोजणी चुकते. ट्रेमध्ये थोडा वेळ नुसतं बघा. मागचे दोन्ही पाय एकदम मारणारे डायटिसिडी. पाय आळीपाळीने हलवणारे, हवा घ्यायला डोकं वर काढणारे हायड्रोफिलिडी या दुसऱ्या कुळातले. लॅकोफिलस हवेसाठी शेपटीकडचं टोक पृष्ठभागाला लावतो. हवेचा साठा ढालपंखांखाली, म्हणजे पाठीवरच्या कडक पुढच्या पंखांखाली, असतो.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुरशी (विषारी साप) असतात. दगडाखाली हात घालू नका, गमबूट काढू नका. खाचरात उतरताना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका. कातळशिल्पं असलेल्या सड्यावर चित्रांवर पाय पडू देऊ नका. मालकाची परवानगी आधी घ्या. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

नमुने 70 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये, डीएनए काढायचा असेल तर 95 टक्क्यांच्या वर. बाटली भुंग्यांनी गच्च भरू नका. त्यांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि नमुने कुजतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. फॉर्मॅलिन नको: अवयव ताठ होतात, डीएनए बिघडतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली, कडेचं गवत, हे सगळं डबक्याशेजारी उभं राहूनच लिहा.

आता सूक्ष्मदर्शक, 10 ते 40 पट. आधी पाठ: छातीच्या ढालीची मागची कड मध्यभागी मागे टोकदार झालेली असते आणि तिच्याखाली स्कुटेलम, म्हणजे पंखांच्या मुळाशी असणारा छोटा त्रिकोण, झाकून जातो. मग भुंगा उलटा करा. मागच्या पायाचं कोक्सा, म्हणजे पायाचा मुळाकडचा भाग, रुंद पाटीसारखं छातीला जखडलेलं असतं, ते हलत नाही. बऱ्याच जातींत त्यावर बारीक समांतर खाचांची पट्टी दिसते. ती आवाज काढायची कानस. प्रकाश तिरपा पाडल्याशिवाय ती नजरेस पडत नाही. मागच्या टार्ससच्या (पायाच्या टोकाकडच्या सांधेदार भागाच्या) पहिल्या चार सांध्यांची बाहेरची कड पाळीसारखी पुढे आलेली, शेवटच्या दोन नख्या लहान-मोठ्या, आणि पोटरीच्या टोकाच्या काट्याचं टोक दुभंगलेलं. हा काटा नीट पाहायला 40 पट लागतोच.

नवख्यांचा घोटाळा होतो तो कँथिड्रस या दुसऱ्या छोट्या पाणभुंग्याशी. त्याचंही स्कुटेलम झाकलेलं असतं. पण तो फुगीर असतो, मागे निमुळता होतो आणि मागच्या पायांमध्ये सपाट चौथरा असतो. हायड्रोग्लायफस हा आणखी एक छोटा पाणभुंगा, दोन मिलिमीटरच्या आसपासचा. त्याच्या छातीच्या आणि पंखांच्या मुळाशी आखूड खाचा असतात.

प्रजातीपर्यंत एवढं पुरतं. जातीसाठी नराचा शिश्नभाग काढावाच लागतो. रंग आणि रेघा एकाच डबक्यातल्या भुंग्यांत बदलतात, शिवाय अल्कोहोलमध्ये जुने नमुने काळवंडतात. भुंगा कोमट पाण्यात मऊ करा, टोक वाकवलेल्या बारीक टाचणीने पोटाच्या टोकातून भाग ओढा. पोट जोराने दाबलंत तर मागचे खंड फाटतात. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्नायू विरघळू द्या, पाण्याने धुवा, ग्लिसरॉलमध्ये बाजूने आणि वरून अशी दोन चित्रं काढा. नंतर तो भाग छोट्या कुपीत घालून त्याच भुंग्याच्या टाचणीला लावा. सुटा ठेवला तर तो कुणाचा हे पुढे कळत नाही.