थर्माकोलवर सिमेंटच्या कुंड्या आणि शोभेची शिल्पं : या चुका टाळा

माझी पहिली कुंडी दिसायला अगदी खडकातून कोरल्यासारखी होती. कडेला धरून उचलायला गेलो आणि वीतभर तुकडा हातात आला. तुटल्या जागी सिमेंट जेमतेम ४ मिलिमीटर, आत पांढराशुभ्र थर्माकोल. मी भिस्त नको त्या वस्तूवर ठेवली होती. थर्माकोल आकार देतो, बाकी काही देत नाही. कुंडी पेलायचं काम वरच्या कवचाचंच. म्हणून सपाट भागावर किमान १२ ते १५ मिलिमीटर थर धरा, कडेला आणि तळाला २० च्या पुढे. हलकी होईल म्हणून हा प्रकार निवडला असेल तर हिशेब करून ठेवा : १५ मिलिमीटरच्या कवचाचं वजन चौरस मीटरला ३०-३५ किलो भरतं.

थर घसरतोय, म्हणून पाणी कमी-जास्त करत बसणं

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. विटेच्या भिंतीवर गिलावा मारताना वीट त्यातलं पाणी ओढून घेते, माल लगेच धरतो. थर्माकोल पाण्याचा थेंबही पीत नाही. त्यामुळे भिंतीसाठी बरोबर असलेला माल इथे उभ्या बाजूवरून हळूहळू खाली सरकतो आणि तळाशी पोट काढतो.

१ भाग सिमेंटला २ ते २.५ भाग चाळलेली बारीक वाळू, आणि १० किलो सिमेंटला सुमारे ४ लिटर द्रव. यात लॅटेक्सही (मालाची पकड वाढवणारा दुधासारखा द्रव) मोजायचं आणि ओल्या वाळूतलं पाणीही. हे दुसरं हमखास विसरतं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांमधून पाणी सुटलं नाही, म्हणजे माल जमला. फारच कोरडा वाटला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझरचे (पाणी न वाढवता माल मऊ करणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब घाला. जास्तीचं पाणी उडून जातं, पण मागे सूक्ष्म पोकळ्या आणि आकसणारा थर ठेवून जातं. घमेल्यात घट्ट व्हायला लागलेला माल पाणी मारून पुन्हा मऊ करणं तर साफ चूक. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा.

घसरण्याचं दुसरं कारण म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. गरम तारेने कापलेल्या थर्माकोलवर काचेसारखी साय येते. ती तारेच्या ब्रशने खरवडून काढा. दाट निळ्या-गुलाबी फोमवर कारखान्यातूनच अशी साय असते. मग सिमेंट आणि ॲक्रिलिक किंवा एसबीआर (एक कृत्रिम रबर) लॅटेक्सचा दाट घोळ ब्रशने चोळा आणि तो चिकट असतानाच माल लावा. वाळून गेला तर तोच थर सोलून निघतो. सुतारकामाचा पांढरा डिंक इथे वापरू नका : तो ओल्यात पुन्हा मऊ पडतो, आणि कुंडी म्हणजे कायमची ओल.

जाळी आहे, पण चुकीच्या जागी

जाळी थर्माकोलला टेकवून पिना ठोकल्या आणि वरून माल फासला, तर ती नुसती आत बसून राहते. ती मालाच्या थरात रुतली पाहिजे : आधी पातळ थर, त्यात जाळी दाबायची, वर पुन्हा माल. जोडावर किमान ५ सेंटिमीटर एकावर एक चढवा. फायबरग्लासची जाळी अल्कलीरोधकच हवी. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू खाल्ली जाते. कोंबडीजाळी घेणार असाल तर ती कुठेही उघडी राहू देऊ नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं आवरण उडवून लावतं.

कोरायची घाई, किंवा उशीर

अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माल चिकटत नाही, ही कोरायची वेळ. त्याआधी माल हत्याराबरोबर ओढला जातो, नंतर कडा खडे पडल्यासारख्या तुटतात. १२ मिलिमीटरच्या थरात ८ मिलिमीटर खोल खाच मारलीत तर उरलेल्या ४ मिलिमीटरवरच तो उद्या फाटणार. खोल भेगा आधी थर्माकोलमध्येच कोरा. नाहीतर जाळीचा थर खरवडीत सोडा आणि त्यावर कोरण्यापुरता वेगळा थर द्या. गुळगुळीत करायला ओला ब्रश किंवा कोरडं सिमेंट फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातूनच कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात.

तडा कसा आहे, त्यावरून दुखणं कळतं. पृष्ठभागभर केसासारखे बारीक तडे म्हणजे वरचा थर भराभर वाळला किंवा सिमेंट जास्त पडलं. दिसायला वाईट, पण जिवावरचं नाही. सरळ रेषेत तडा असेल तर खाली थर्माकोलचे दोन तुकडे नीट जोडलेले नाहीत. आतल्या कोपऱ्यातून निघणारा तडा म्हणजे कोपरा टोकदार ठेवला होता. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेवढा भाग कापून काढा. वरून लांबी भरून तो सुधारत नाही.

वाळवणं आणि रंग

आत थर्माकोल असल्याने उन्हाची उष्णता आत जायला वाव नसतो, पातळ कवच लवकर तापतं. लगेच सावलीत प्लास्टिकखाली झाका. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओल हवी. लॅटेक्सच्या मालाला सुरुवातीचे एक-दोन दिवस ओल, मग हवा. नेमकं डब्यावर लिहिलेलं पाळा.

थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन असलेला रंग बारीक छिद्रातून आत गेला की थर्माकोल विरघळतो आणि कवचामागे पोकळी होते. पाण्यातलेच रंग वापरा. मालातच रंग घालायचा तर ऑक्साइड रंगाची पूड सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवा.

हातमोजे आणि मास्क न चुकता. ओलं सिमेंट कातडी जाळतं. गरम तारेचं काम उघड्या हवेतच करा.

फक्त कुंडीसाठी

निचऱ्याचं भोक शेवटी ड्रिल मारून पाडलं की पाणी थेट कवच आणि थर्माकोलच्या मधे शिरतं. आधीच प्लास्टिक पाइपचा तुकडा बसवा आणि त्याभोवती माल भरा. आतली बाजूही थराने पूर्ण झाका. उघड्या थर्माकोलमध्ये मुळं घुसतात, मुंग्या घर करतात. ताज्या सिमेंटचा सामू १२-१३ असतो. म्हणून रोप लावण्याआधी भोक बंद करून पाणी भरा, दर दोन-तीन दिवसांनी बदला, दोनेक आठवडे तरी. बाहेर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती बुरशी नाही : विरघळलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तयार झालेली ती पूड. कोरड्या ब्रशने झाडा आणि आतून जलरोधक लेप द्या.