मॉरिशसच्या क्लीन एनर्जी स्टार्टअपला मदत करताय? या चुका टाळा

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमून पॅकेज आठवतं, फार तर तिथली मराठी मंडळी आणि त्यांचा गणपती. पण या बेटावर तेलाची एक विहीर नाही. पेट्रोल, डिझेल, फर्नेस ऑइल, कोळसा सगळं जहाजाने येतं आणि साधारण ऐंशी टक्के वीज त्यातूनच बनते. त्यामुळे तिथल्या पोरांच्या स्टार्टअपला पैसे लावावे, मेंटॉर व्हावं असं बऱ्याच जणांना वाटतं. चांगलंय, फक्त खालची गडबड करू नका.

पुण्यातलं मॉडेल जसंच्या तसं उचलणं. ही सगळ्यात महागात पडते. आपल्याकडे ढग आला तर देशभराची ग्रिड सांभाळून घेते, मॉरिशसची ग्रिड मात्र एकटी, शेजारच्या कुठल्याच देशाशी जोडलेली नाही, आणि अख्ख्या देशाची पीक डिमांड, म्हणजे एका वेळची सगळ्यात जास्त विजेची मागणी, आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या एका 660 मेगावॉटच्या युनिटमध्ये बसेल एवढीच. म्हणजे मोठा ढग सरकला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी हलते, वीज किती बनते आणि किती लागते याचा तोल जातो, आणि संध्याकाळी लोक घरी येऊन दिवे-एसी लावतात तेव्हा सोलर झोपलेलं असतं. मग नुसती पॅनल विकणारी कंपनी “कनेक्शन का मिळत नाही” म्हणून डोकं धरून बसते. पैसे लावायचेच तर बॅटरीवाल्यांना लावा, किंवा लोड, म्हणजे विजेचा वापर, दुपारकडे सरकवणाऱ्यांना. हॉटेलचं उदाहरण घ्या ना, लॉन्ड्री, गरम पाणी, चिलरमधला बर्फ हे सगळं दुपारी बारा ते तीनमध्ये उरकता येतं, पाहुण्याला पत्ताही लागत नाही.

गिऱ्हाईक एकच आहे हे विसरणं. ग्रिडवरची वीज विकत घेणार सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड, म्हणजे सीईबी. पायलट प्रोजेक्ट झकास, डेमोला टाळ्या, पण सीईबीचा करार टेबलावरच पडून आणि पगाराचे पैसे संपत आलेले, असं दिसलं तर अजून एक पिच कॉम्पिटिशन लावून काही होत नाही. परवानग्यांची कामं जाणणारा वकील द्या, आणि तोवर हॉटेल नाहीतर कापड कारखान्याचं वीजबिल कमी करून देण्याचं काम मिळवून द्या.

डॉलरमध्ये कर्ज. कमाई मॉरिशियन रुपयात, हप्ता डॉलरमध्ये. रुपया घसरला की नफा गेला, बास.

चक्रीवादळ “नंतर बघू” म्हणणं. सीझन नोव्हेंबर ते मे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगवल्या. त्यात खारा वारा, साधे नटबोल्ट गंजतात, क्लॅम्प सैल होतात आणि पॅनल उडतं. एक स्पेअर इन्व्हर्टर बेटावरच ठेवायला लावा, जहाजाची वाट बघण्यात अख्खा सीझन जाईल.

उसाकडे दुर्लक्ष. हे मला कळतच नाही! तिथली बरीचशी रिन्यूएबल वीज उसाच्या चिपाडापासून बनते, पण गाळप साधारण जून ते डिसेंबर, आणि उरलेल्या महिन्यांत तसल्याच बॉयलरमध्ये कोळसा जात आलाय. ती फट भरायला शेतातलं पाचट गोळा करून, सुकवून, गठ्ठे बांधून पुरवणारा धंदा उभा राहू शकतो. अशा टीमला ॲपवाला मेंटॉर काय कामाचा, कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यात को-जन, म्हणजे चिपाडावरचा वीज प्रकल्प, चालवलेला रिटायर्ड बॉयलर इंजिनिअर महिनाभर पाठवा. ओल किती चालते, राखेत माती आली की बॉयलरच्या ट्यूबचं काय होतं, हे तो चिमूटभर पाचट हातात घेऊन सांगेल.