पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचे असतील तर

चाक फिरताना पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी बारीक किंकाळी येऊ लागली, की बहुतेक वेळा पॅडला लावलेली इशारापट्टी डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला) टेकलेली असते. हा आवाज खर्रखर्र होईपर्यंत थांबू नका. तोपर्यंत पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) संपून मागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडायला लागलेली असते आणि मग डिस्कही बदलावी लागते. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत, आणि तेही पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच. एकाच बाजूला नवे घातले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढू शकते.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर चाक पान्याबरोबर फिरत राहतं. जॅक फक्त उचलण्यापुरता. वजन जॅक स्टँडवरच घ्यायचं आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे क्लिप कशी बसली होती हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला बघता येईल.

बहुतेक गाड्यांत पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, असतो. त्याचा खालचा बोल्ट काढला (बऱ्याचदा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो) की कॅलिपर वर उचलला जातो. तो वर तारेने बांधून ठेवा. पूर्ण काढावा लागलाच तर रबरी होजवर लोंबकळू देऊ नका.

जुने पॅड काढले की लगेच फेकू नका, आधी शेजारी-शेजारी ठेवून बघा. पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर, ज्या दोन पिनांवर तो बसतो त्यांवरून सरकून, बाहेरचा पॅड दाबतो. त्यामुळे आतला पॅड झिजून पापुद्रा झालाय आणि बाहेरचा जाडजूड आहे, असं दिसलं तर बहुधा पिना जाम आहेत, नाहीतर पिस्टन मागे येत नाही. पॅड तिरका झिजला असेल तर एकच पिन अडकलेली असू शकते. हे न बघता नुसते पॅड बदलले, तर नवेही तसेच झिजतील. घाईत केलेल्या कामात नेमकं हेच राहून जातं.

दोन्ही पिना बाहेर ओढा, सुकून काळं पडलेलं ग्रीस पुसा, गंज किंवा खड्डे असतील तर पिन नवी घाला. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. थापून लावलं तरी घोटाळाच: आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. वरची-खालची पिन एकसारखी असेलच असं नाही, अदलाबदल करू नका.

ब्रॅकेटवरच्या (पॅड धरणाऱ्या चौकटीवरच्या) क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने घासा. नवा पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर गंज अजून बाकी आहे. धूळ फुंकर मारून उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्याखाली गेली असेल तर डिस्क बाद.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा. पातळी वर येते. टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढा. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, रंग सोलवटतो. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. पिस्टन हलत नसेल किंवा त्याचं रबर फाटलेलं असेल, तर काम तिथेच थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्या. मागच्या चाकांना हीच रीत लावू नका: काही पिस्टन फिरवून आत घालावे लागतात आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.

नवे पॅड बसवताना मसाल्याला तेलकट हात नको. कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून घ्या आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर लावा.

आता गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा! पहिल्या एक-दोन दाबांना ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन आणि पॅडमध्ये फट असते. पेडल घट्ट झालं की टाकीची पातळी बघून झाकण लावा. पंप करूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, गाडी रस्त्यावर काढू नका.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५०–६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा करा. मध्ये डिस्क थोडी थंड होऊ द्या आणि तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका. ५०–१०० किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.