रोज खिशात राहील असा घडीचा चाकू कसा निवडावा

पहिला चाकू घेताना बहुतेक जण हवा त्यापेक्षा मोठा, जाड आणि जड घेतात. आठवडाभर तो पँटच्या खिशात लोंबतो, बसताना मांडीला टोचतो आणि मग टेबलाच्या खणात जाऊन पडतो. ज्या दिवशी पार्सलची दोरी कापायची असते त्या दिवशी तो घरी राहिलेला असतो. म्हणून निवड करताना एकच गोष्ट बघा: तीन महिन्यांनंतरही हा चाकू तुमच्या खिशात असेल का?

पायरी १ : कापायचे काय, ते आधी लिहून काढा

एक आठवडा लक्ष ठेवा आणि चाकूची आठवण झाली की टिपून ठेवा. यादी साधारण अशी होते: कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, सुतळी, प्लास्टिकची पट्टी, दुधाची पिशवी, सफरचंद, पेरू, कैरी, पेन्सिल, कपड्याचा लोंबता दोरा. यातल्या एकाही कामाला सात सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही. निम्म्या कामांना तर चार सेंटिमीटरही पुरतात. शेतात, बागेत किंवा ट्रेकवर नेणार असाल तर यादीत फांद्या आणि जाड दोर येतील, आणि तिथे थोडे मोठे, लॉक होणारे (उघडल्यावर अडकून बसणारे, आपोआप न मिटणारे) पाते उपयोगाचे ठरते. फांदी मात्र चाकूने तोडायची नसते. त्यासाठी कोयता आहे, किंवा स्विस चाकूंत येते तशी छोटी करवत.

यादीत ‘स्वसंरक्षण’ लिहिले असेल तर ते खोडा. झटापटीत घडीचा चाकू उघडेपर्यंत वेळ निघून जातो, ओल्या हातातून तो निसटतो आणि बऱ्याचदा पहिली जखम धरणाऱ्याच्याच बोटांना होते. शिवाय पोलिसांनी विचारल्यावर ‘संरक्षणासाठी ठेवलाय’ असे सांगितले, की साध्या अवजाराचे तुम्ही स्वतःच्या तोंडाने शस्त्र करता.

पायरी २ : कायद्याची मर्यादा मोजपट्टीवर बघा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांना शस्त्रांच्या यादीत धरतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. दिल्लीत १९८० ची अधिसूचना जास्त कडक आहे. बटणाने, स्प्रिंगने, गरारीने (दातेरी खटक्याने) किंवा अशाच यांत्रिक युक्तीने उघडणारा-मिटणारा चाकू ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद असेल, तर तो बाळगायला तिथे मनाई आहे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्या कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. असा आदेश लागू असताना चाकू घरी ठेवावा.

यावरून तीन नियम हाताशी येतात: पाते तीन इंचांच्या आत, उघडणे हाताने, बटण दाबताच स्प्रिंगने आपोआप उघडणारा चाकू अजिबात नको. रामपुरीच्या घडणीचे कौतुक जरूर करा, पण रोज खिशात घेऊन फिरायची ती वस्तू नव्हे.

विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात टाकावा. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला चिमुकला चाकू विसरला जातो आणि सुरक्षा तपासणीत सोडून द्यावा लागतो, म्हणून जुडग्यातून चटकन सुटणारी कडी वापरा. मेट्रो, न्यायालय, मॉल अशा तपासणीच्या ठिकाणी जाणार असाल तरी तो घरीच बरा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी तर लॉक हीच अडचण आहे. तिथे तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक न होणारा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. लॉक होणाऱ्या चाकूला मात्र सबळ कारण दाखवावे लागते.

पायरी ३ : लांबी आणि वजन

जाहिरातीतला आकडा पात्याचा आहे की मुठीचा, हे नीट वाचा. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे ५८, ८४, ९१, ९३ आणि १११ मिमी हे आकडे मिटलेल्या मुठीचे आहेत. ९१ मिमीच्या चाकूचे मोठे पाते सात सेंटिमीटरच्या आतच भरते. ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूंचे नंबर वेगळ्या रीतीने चालतात: ८ नंबरचे पाते ८.५ सेंमी, ६ नंबरचे सुमारे ७ सेंमी. रोजच्या वापराला ६ नंबर पुरतो, आणि पाते अडकवणाऱ्या फिरत्या कड्याचे लॉकही याच नंबरापासून पुढे मिळते.

वजन सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आत ठेवा. सुती पँट किंवा कुर्त्याचा खिसा शंभर ग्रॅमला खाली ओढला जातो. जाडीकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण खिशात तीच जास्त जाणवते. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विसचॅम्प या मॉडेलमध्ये सगळे काही आहे हे खरे, पण तो १८५ ग्रॅम वजनाचा आणि ३३ मिमी जाड आहे. दोन पात्यांचा ९१ मिमीचा साधा चाकू त्याच्या निम्म्याहून कमी जाड असतो. कात्री खरोखर लागत असेल तर तेवढा अवजारांचा एक थर वाढवा, बाकीचे थर विसरा.

पायरी ४ : पाते किती पातळ आहे?

लोक पोलादाच्या नावावर तासन्‌तास बोलतात. कापताना हाताला फरक कळतो तो मात्र पात्याच्या जाडीने आणि ते धारेकडे किती निमुळते होत गेले आहे त्याने. पाठीला चार मिमी जाड असलेले पाते सफरचंदात घाला. सेंटिमीटरभर आत गेले की ते पाचरीसारखे अडते आणि फळ ‘कट्’ असा आवाज करून तडकते. कापल्याची जागा ओबडधोबड दिसते. दोनेक मिमीचे पाते त्याच फळातून सरळ उतरते आणि फोड गुळगुळीत निघते. पुठ्ठ्याचेही तसेच: जाड पाते अडकत अडकत जाते, जोर वाढतो, आणि जोर वाढला की हात सटकतो. रोजच्या चाकूला पाठीवर दोन ते अडीच मिमी पुरे.

टोक मुठीच्या मध्यरेषेकडे किंचित उतरलेले असेल तर बहुतेक कामे भागतात. फक्त खोकी उघडायची असतील तर सरळ धारेचे, बोथट नाकाचे पाते आतल्या वस्तूला टोचत नाही. करवती दातांची धार दोराला छान, पण घरी पाजळायला कटकटीची. पहिल्या चाकूला साधी धारच घ्या.

पायरी ५ : पोलाद हवामान पाहून

मुंबई, कोकण, गोवा इथे घामाने आणि खाऱ्या हवेने खिशातला चाकू सतत दमट राहतो. तिथे स्टेनलेसच घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचे पोलाद सुमारे ५६ एचआरसी (पोलादाचा कठीणपणा मोजायचे रॉकवेल माप) कठीणपणाचे असते: धार लवकर उतरते, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत परत येते आणि गंजाचा त्रास जवळजवळ नाही. १२सी२७ आणि १४सी२८एन ही स्वीडिश पोलादे धार जास्त टिकवतात आणि गंजालाही दाद देत नाहीत. स्वस्तातले ८सीआर१३एमओव्ही योग्य उष्णता देऊन बनवले असेल तर कामाचे असते.

डी२ हे पोलाद धार फार टिकवते, पण त्याला स्टेनलेस समजू नका. क्रोमियम सुमारे बारा टक्के असले तरी त्यातला मोठा वाटा कार्बनशी बांधला जातो, म्हणून पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके येतात. कार्बन पोलाद मऊ दगडावर सुरेख पाजळते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले की काळे डाग पडतात आणि पुढच्या फळाला लोखंडी चव येते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, रोज पुसायची सवय असेल तर ते जरूर घ्या. ‘सर्जिकल स्टील’ एवढेच लिहिले असेल तर पोलाद सांगितलेलेच नाही असे समजा. स्वस्त पात्यावरची लाटालाटांची दमास्कस नक्षी बहुधा वरवर कोरलेली किंवा छापलेली असते.

पायरी ६ : लॉक

पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या चाकूला लॉक नसते, पाते नुसते ताणाने उघडे राहते. फळ, दोरी, कागद यांना ते पुरते. अट एकच: टोकाने भोसकून भोक पाडायचे नाही. तसे करताना पाते उलट्या दिशेने मिटते आणि खाली बोटे असतात.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली धातूची पट्टी पात्याच्या टाचेमागे (मुठीत राहणाऱ्या मागच्या टोकामागे) सरकून बसते. ते एका हाताने मिटवता येते, पण मिटवताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत असतो. पाते थोडे हलले की अंगठा लगेच काढून घ्या आणि उरलेले पाते पाठीकडून ढकला. पाठीमागे दाबायची कळ असलेल्या बॅक लॉकमध्ये हा धोका कमी. ओपिनेलचे फिरते कडे १९५५ मध्ये आले. ते सगळ्यांत साधे: बिघडण्यासारखे काही नाही, फक्त ते फिरवायचे विसरू नका.

ओपिनेलबद्दल आणखी एक गोष्ट. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि लाकूड पावसाळ्यात पाणी पिते. जुलैत खोबण फुगून पाते असे आवळते की नखाने ओढून नख मोडेल, पाते हलणार नाही. कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा. पात्याचे टोक जरासे बाहेर डोकावते, तिथून चिमटीत धरून उघडा. पाऊस सुरू होण्याआधी मुठीला आणि खोबणीत जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीन दिवस वाळवले तर फुगणे बरेच कमी होते. तेल खिळ्याच्या सांध्यात जाऊ देऊ नका, वाळून ते तिथे घट्ट बसते.

पायरी ७ : दुकानात हातात घेऊन तपासा

मिटलेल्या चाकूत वरून बघा. पाते दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर हवे. एका बाजूला घासत असेल तर धार आतल्या पट्टीवर झिजते.

पात्याचे टोक जमिनीकडे करून मिटलेला चाकू मनगटाने झटका. पाते बाहेर आले तर तो चाकू परत करा, खिशात तो उघडणार.

आता उघडा आणि पाते अंगठा-बोटात धरून डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. नवा चाकू खुळखुळता कामा नये. डाव्या-उजव्या हालचालीचा दोष कधीकधी स्क्रू किंचित आवळून जातो, वर-खाली हालणारे पाते मात्र घेऊच नका, कारण तिथे लॉकच नीट बसलेले नसते. लायनर लॉक असेल तर उजेडात बघा: पट्टी टाचेच्या जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर टेकलेली हवी. नुसती कडेला टेकली असेल तर सटकेल, नवेपणीच पार पलीकडे गेली असेल तर झिजल्यावर तिला जागा उरणार नाही.

लॉकची परीक्षा बोटे पात्याच्या वाटेतून काढून करा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबा. आपटायचे नाही, आपटून चांगले लॉकही खराब होते.

शेवटी मूठ घट्ट वळा. निदान तीन बोटे पूर्ण बसायला हवीत. पुढे बोट धारेवर घसरू नये म्हणून खाच किंवा उंचवटा आहे का ते बघा. तळहातात खिशाला अडकवायच्या क्लिपची कड रुतत असेल तर दहा पुठ्ठे कापल्यावर तिथे फोड येणार.

ऑनलाइन घेणार असाल तर यातले काहीच करता येत नाही. तेव्हा परत घेण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि खोके आल्याच्या दिवशीच ही तपासणी उरका. पात्याच्या मुळाशी कंपनीचे कोरीव नाव पुसट किंवा वाकडे असेल तर नक्कल असण्याची शक्यता मोठी.

पायरी ८ : पहिल्या महिन्यातली देखभाल

फळ कापले की पाते लगेच पुसा, खोबणीतला रस काडीला कापूस गुंडाळून काढा. सांध्याला केमिस्टकडे मिळणारे लिक्विड पॅराफिन थेंबभर पुरते. खोबरेल तेल नको: थंडीत थिजते, नंतर चिकट होऊन धूळ धरते.

धार गेली की नाही हे बोटाने बघू नका. पाते दिव्याखाली धारेकडून बघा. धार असेल तर काही दिसत नाही, बोथट झालेली जागा बारीक रेघेसारखी चमकते. पाजळायला हजार नंबरचा दगड पुरे. कोन प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास ठेवायचा. दीड सेंमी रुंद पात्याची पाठ त्यासाठी दगडापासून पाच मिमी वर हवी, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन दहाच्या नाण्यांएवढी. नाणी शेजारी ठेवून उंची डोळ्यात भरवा, मग तीच धरून दोन्ही बाजूंना सारखे हात द्या. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा, तळाची झिलई नसलेली खरखरीत कड निसण्याचे काम करते.

रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर पातळ पाते देऊ नका. कोरडे चाक पात्याला तापवते. टोकाशी निळसर झाक आली की तिथले पोलाद नरम पडलेले असते, आणि तेवढा भाग घासून काढेपर्यंत तिथे धार टिकत नाही.