ऑडिओ गेम बनवायचाय? आधी तो बोलणार कसा ते ठरवा

ऑडिओ गेम, म्हणजे पडदा न बघता केवळ ऐकून खेळायचा गेम, बनवायचाय असं सांगणारे नवखे लोक बहुधा पहिला प्रश्न इंजिनचा, म्हणजे गेम बांधायच्या तयार साधनाचा, विचारतात. युनिटी घेऊ, गोडो घेऊ की सरळ पायथनमध्ये लिहू? माझं म्हणणं, इंजिन नंतर बघू, तुमचा गेम बोलणार कसा ते आधी ठरवा. मी स्वतः पूर्ण अंध आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड अशा चारही ठिकाणी चालतील असे गेम लिहितो. ध्वनी गोळा करणं आणि कथा रचणं यात वेळ जातोच, पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो गेम आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) यांची सांगड घालण्यात. दर ऑपरेटिंग सिस्टिमवर ही सांगड वेगळी असते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अंध खेळाडूकडे त्याचा आवाज आधीपासून असतो. कोणता आवाज, किती वेग, विरामचिन्हं वाचायची की नाही, हे सगळं त्याने आपल्या सवयीनुसार लावलेलं असतं. कित्येक जण इतक्या वेगाने ऐकतात की नवख्या कानाला शब्दच कळत नाहीत. काहींच्या हाताखाली ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, असतं. अशा माणसाला संथ, रेकॉर्ड केलेल्या आवाजातला मेनू दिला, तर तो पहिल्याच मिनिटाला कंटाळतो. कथेतले संवाद कलाकारांच्या आवाजात जरूर रेकॉर्ड करा. पण मेनू, आकडे, सूचना आणि सामानाची यादी खेळाडूच्याच स्क्रीन रीडरकडून वदवून घ्या.

विंडोजवर हे सोपं आहे. एनव्हीडीए आणि जॉज हे तिथले दोन्ही स्क्रीन रीडर बाहेरच्या प्रोग्रॅमकडून थेट मजकूर घेतात. टॉल्कसारखी लायब्ररी (तयार कोड) वापरली की कोणता स्क्रीन रीडर चालू आहे हे तीच ओळखते, आणि एकही नसेल तर, तशी सोय चालू केली असल्यास, विंडोजच्या स्वतःच्या सॅपी आवाजात बोलते. लिनक्सवर स्पीच डिस्पॅचर नावाची सेवा असते. तिथला स्क्रीन रीडर ऑर्काही तिच्यामार्फतच बोलतो, त्यामुळे गेमनेही तोच रस्ता धरावा. मॅकवर व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरला घोषणा पाठवता येते, पण त्याच क्षणी फोकस (स्क्रीन रीडर ज्या घटकावर आहे ती जागा) हलला तर ती अर्धवट तुटते. म्हणून मारामारीच्या वेगवान गेममध्ये मी मॅकचा सिस्टिम आवाज थेट वापरतो आणि त्याचा वेग बदलायची सोय गेममध्येच देतो.

या सगळ्या भानगडी एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा. बाकीच्या गेमला दोनच गोष्टी माहीत असाव्यात: बोल आणि गप्प बस. ‘बोल’ला एक जोड लागते, ती म्हणजे आधीचं वाक्य तोडायचं की संपू द्यायचं. मेनूत बाण दाबला की आधीचं तुटलंच पाहिजे. कथा रांगेत यावी. शत्रूचा वार, जखम, रिकामी बंदूक हे शब्दांत सांगूच नका, त्यासाठी ध्वनी आहेत. शिवाय आलेले संदेश मागे जाऊन पुन्हा ऐकायची सोय हवी. डोळस खेळाडू पडद्यावरची ओळ दोनदा वाचू शकतो, आपल्याला ती कळ दाबून परत मागवावी लागते. मुरलेले ऑडिओ गेम खेळाडू ही सोय गृहीतच धरतात.

आता कळा. की-बोर्डवरची प्रत्येक कळ आधी स्क्रीन रीडरच्या हातात पडते, मग उरली तर गेमला मिळते. कंट्रोल दाबला की बहुतेक स्क्रीन रीडर बोलायचे थांबतात, तेव्हा गोळी झाडायला कंट्रोल ठेवलात तर दर गोळीला सूचना कापली जाईल. इन्सर्ट आणि कॅप्स लॉक स्क्रीन रीडरच्या मालकीच्या समजा. मॅकवर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबला की डेस्कटॉपच बदलतो, आणि कंट्रोल-ऑप्शन ही जोडी व्हॉइसओव्हरची आहे. एनव्हीडीएमध्ये स्लीप मोड आहे. डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीएची स्वतःची खास कळ, शिफ्ट आणि एस दाबलं की त्या प्रोग्रॅमपुरता तो बाजूला होतो. पण खेळाडूला हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे सूचनांच्या फाइलमध्ये पहिल्या ओळींतच सांगा. कळा बदलायची सोय पहिल्या आवृत्तीपासून द्या. साध्या की-बोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी कधी कधी नोंदलीच जात नाही, हेही कळांची मांडणी करताना ध्यानात असू द्या.

फोनवर कहाणी निराळी. आयफोनवर पडद्याच्या एखाद्या भागाला ‘थेट स्पर्श’ असं जाहीर करता येतं. मग व्हॉइसओव्हर चालू असतानाही तिथली बोटं सरळ गेमला मिळतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर साधे स्पर्श स्वतःकडे घेतो, म्हणून बरेच गेम खेळाडूला टॉकबॅक तात्पुरता थांबवायला सांगतात आणि पुढे फोनच्या टीटीएस (मजकूर वाचणाऱ्या) आवाजात स्वतःच बोलतात. असं करणार असाल तर ही सूचना टॉकबॅक चालू असतानाच नीट वाचली गेली पाहिजे, आणि बाहेर पडताना तो पुन्हा चालू करायची आठवणही द्या.

ध्वनीचा भाग मला मनापासून आवडतो. डावा-उजवा फरक कानाला सहज कळतो, कारण बाजूने आलेला आवाज लांबच्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद पोचतो. पुढचा आणि मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच मिळतो. प्रत्यक्ष जगात आपण मान किंचित वळवून उलगडा करतो. साध्या हेडफोनवर सगळं ध्वनिजग मानेबरोबरच फिरतं, मग ती युक्ती चालत नाही. कानाच्या आकाराने ध्वनीत होणाऱ्या बदलांची नक्कल करणारं एचआरटीएफ तंत्र ओपनएएल सॉफ्ट आणि स्टीम ऑडिओ या दोन्ही ध्वनी-लायब्ररींत आहे. तरी ते सरासरी कानासाठी बनवलेलं असतं, आणि प्रत्येकाचा कान वेगळा. म्हणून मागच्या वस्तूचा सूर थोडा खाली आणायची जुनी पद्धत मी सोडलेली नाही. खेळाडूला जागच्या जागी झटकन वळता येऊ द्या, मान वळवण्याची उणीव त्याने भरून निघते. स्पीकरवर खेळणाऱ्यांसाठी एचआरटीएफ बंद करायचा पर्यायही हवाच.

दिशा दाखवायची असेल तर ध्वनिफाइल मोनो (एकाच वाहिनीची) ठेवा. ओपनएएल स्टिरिओ (डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या) फाइलला अवकाशात जागाच देत नाही. सलग पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या ध्वनीसाठी, म्हणजे पाऊस, यंत्र, नदी अशांसाठी, एमपीथ्री टाळा. त्या प्रकारात फाइलच्या टोकांना बारीक मोकळी जागा राहते आणि दर फेरीला ठेच लागल्यासारखी ऐकू येते. ऑग किंवा वेव्ह वापरा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे अचूक वेळेवर बेतलेल्या गेममध्ये तेवढी सूट द्यायची सोय ठेवा.

आणि आवर घाला. दहा ध्वनी एकदम वाजले की एकही ऐकू येत नाही. भिंत, दार, मोकळी वाट आणि धोका यांचे ध्वनी एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असावेत, पावलांचे हळू असावेत. मुख्य मेनूत ‘गेममधले ध्वनी ओळखा’ असा भाग ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती मोडू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. एकेकाळी बीजीटी नावाच्या साधनात ढीगभर ऑडिओ गेम लिहिले गेले, पण ते फक्त विंडोजचं होतं आणि त्याचा विकास थांबला. त्याच वळणाचं एनव्हीजीटी आज खुलं आणि मोफत मिळतं. त्याची भाषा अँजेलस्क्रिप्ट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सगळ्यांसाठी त्यातून गेम बांधता येतो. अंध नवख्याला मी तेच सुचवीन, कारण साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळं काम होतं. गोडोच्या ४.५ आवृत्तीत, २०२५ मध्ये, स्क्रीन रीडरसाठी प्रायोगिक आधार आला. डोळस सहकाऱ्यांबरोबर काम करायचं असेल तर त्याकडे जरूर बघा.

नोकरीचा विचार करणाऱ्यांसाठी: केवळ ध्वनीवरचा व्यावसायिक गेम १९९७ मध्येच सेगा सॅटर्नवर आला होता, पण मोठ्या कंपन्यांनी हे ज्ञान अंगी बाणवायला फार वेळ लावला. २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट टू ६० हून जास्त सुलभता-सोयींसह आला आणि पूर्ण अंध खेळाडूंनी तो डोळस मदतीशिवाय संपवला. मुलाखतीत आपला छोटा, चालणारा गेम ऐकवता येणं फार उपयोगी पडतं.

वितरणाच्या वेळी काही गोष्टी हमखास अडवतात. विंडोजवर ‘Door’ आणि ‘door’ अशा दोन स्पेलिंगना एकच मानलं जातं, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. सगळी नावं छोट्या अक्षरांत ठेवा. खेळाची प्रगती गेमच्या फोल्डरमध्ये न लिहिता सिस्टिमने दिलेल्या वापरकर्त्याच्या जागेत लिहा. मॅकवर सही आणि ॲपलची तपासणी नसलेला गेम सहजी उघडत नाही, आणि तो इशारा नवख्या खेळाडूला घाबरवतो. इन्स्टॉलर स्क्रीन रीडरने वाचता येतो का तेही तपासा. गेमच्या खिडकीला नाव द्या, नाहीतर उघडल्यावर आपण कुठे आहोत हे खेळाडूला कळतच नाही.

चाचणीला दर सिस्टिमवर रोज तिथलाच स्क्रीन रीडर वापरणारा माणूस शोधा. डोळस प्रोग्रॅमरने डोळे मिटून खेळून बघण्याने हे काम होत नाही, कारण वेगाने ऐकायची सवय दहा मिनिटांत लागत नाही. चाचणी करणाऱ्यांना पूर्ण गेम देऊ नका. एक खोली, एक दार, एक शत्रू एवढंच द्या. कोणती सिस्टिम, कोणत्या आवृत्तीचा स्क्रीन रीडर, हेडफोन तारेचे की बिनतारी, एवढं विचारून ठेवा, आणि गेमला प्रत्येक बोललेलं वाक्य वेळेसह लॉग फाइलमध्ये लिहू द्या. ‘मध्येच गप्प होतो’ अशी तक्रार आली की गेम बोललाच नाही की बोलणं वाटेत कापलं गेलं, ते त्या फाइलवरून कळतं.